भारी तेल नको, मला ओझं द्या

मी 'हेरॉन' बोटीचं इंजिन बोलतोय. एरवीही मी दिवसभर बोलतच असतो म्हणा, डुगडुग डुगडुग करत. पण काठावरचे लोक ते ऐकून 'वा, काय आवाज आहे!' एवढंच म्हणतात आणि पुढे जातात. मी काय म्हणतोय हे कुणी विचारत नाही. म्हणून आज सरळ शब्दांत सांगतो. माझ्या जिवावर बेतलं होतं ते हाल होऊन नव्हे, लाड होऊन. आणि लाडांची तक्रार केली की ऐकणाऱ्याला ती खरीच वाटत नाही.

माझा जन्म ग्लॉस्टरशर या इंग्रजी परगण्यातल्या एका कारखान्यातला. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि लोखंडाला पुन्हा चांगली कामं मिळू लागली होती. दोन सिलिंडर, बिडाचं जाडजूड अंग, हँडल मारून चालू करायचं आणि डिझेल पाजायचं, बस्स. मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. एका माणसाने कान लावून ऐकलं, 'ठीक आहे' म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला. मला ते फार आवडलं. आपलं काम ठीक आहे एवढंच कुणी म्हणावं, मला त्याहून जास्त कधी नकोच होतं.

माझा पहिला मालक ईनॉक ट्रँटर. खाणीवरून कोळसा भरायचा आणि कागदाच्या गिरणीवर रिकामा करायचा, हा त्याचा धंदा. बायको आणि मुलं बोटीच्या मागच्या चिमुकल्या खोलीत, मी त्यांच्या भिंतीपलीकडे. माझा आवाज थांबला की त्यांचं तान्हं मूल जागं व्हायचं. ईनॉक मला साधं तीस नंबरचं तेल घालायचा. दोन बोटांत धरून चोळून बघायचा, काळं झालं असलं की बदलायचा. तेलाबद्दल त्याचा एवढाच अभ्यास होता. त्याने माझ्याकडून काम मात्र बैलासारखं करून घेतलं. मागे भरलेली दुसरी बोट, समोर उलटा वारा, आणि तरी तो म्हणायचा, "चल रे, अजून आहे तुझ्यात." आणि असायचंच.

मग कोळसा ट्रकने जाऊ लागला. ईनॉकने बोट विकली. पुढची बरीच वर्षं मी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होतो आणि एक लाल कोंबडी माझ्यावर अंडी घालत होती. त्या काळाबद्दल मी जास्त बोलणार नाही. कोंबडीबद्दल माझी तक्रार नाही, ती निदान रोज काहीतरी काम करत होती.

तिथून मला बाहेर काढलं थेल्मा आणि लॅम्बर्ट ऑर्गिल या जोडप्याने. त्यांनी मला 'हेरॉन'मध्ये बसवलं, मागे 'आयडा' नावाची बिनइंजिनाची जोडबोट बांधली आणि शार्डलोच्या धक्क्यावरून फेऱ्या सुरू केल्या. कालव्यावर आणि नदीवर बोटीतच घर करून राहणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांच्या दाराशी कोळसा, डिझेल, सरपण आणि इंजिनाचं तेल नेऊन द्यायचं, हा आमचा धंदा. थेल्मा सुकाणू धरायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. लॅम्बर्ट 'आयडा'चं सुकाणू धरायचा आणि मला सांभाळायचा. थेल्मा आवाजाने मोठी, लॅम्बर्ट हाताने हळवा. माझी पितळी नळी पुसताना तो स्वतःशीच गुणगुणायचा. मला पुसून घेण्यात फारसा रस नाही, पण त्याचं मन मोडायचं कशाला, म्हणून मी गप्प बसायचो.

एका हिवाळ्यात लॉकच्या, म्हणजे बोटी वर-खाली नेण्यासाठी कालव्याचं पाणी अडवतात त्या हौदाच्या, दारावरून चालताना लॅम्बर्ट बर्फावर घसरला आणि त्याचा खुबा मोडला. दवाखान्यात नवा खुबा बसवला. डॉक्टर म्हणाले, चालत राहा. थेल्मा म्हणाली, बसून राहा. आमच्या बोटीवर डॉक्टरांपेक्षा थेल्माचं चालतं, त्यामुळे लॅम्बर्ट शेगडीपाशी गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसला. किटली उचलायला गेला की ती ओरडायची, "ठेव ती! पडशील!" 'आयडा'च्या सुकाणूवर त्यांची पुतणी फ्लोरा येऊ लागली. लॅम्बर्टच्या वाट्याला काय उरलं? मी उरलो.

त्या वसंतात धक्क्यावरच्या डडली फिटरने मला पूर्ण उघडून बांधलं. सिलिंडर घासले, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. आता तेल कुठलं घालायचं, हे ठरवायचं काम लॅम्बर्टने स्वतःकडे घेतलं. बोटवाल्याला तेलाबद्दल विचारणं म्हणजे आपणहून भांडण ओढवून घेणं. चार बोटवाले जमले तर पाच मतं निघतात आणि दोघं एकमेकांशी बोलायचं सोडतात. लॅम्बर्टने सगळ्यांना विचारलं. घोंगडीखाली बसून फोनवर वाचलं, चष्मा बदलून पुन्हा वाचलं. आणि शेवटी धक्क्यावर एक चंदेरी डबा आला. पूर्ण सिंथेटिक. शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसलं.

"याच्याहून भारी तेल या देशात मिळत नाही," तो मला म्हणाला आणि थेंबही न सांडता ते माझ्यात ओतलं. त्याचे डोळे असे चमकत होते की त्या क्षणी मला बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो.

पण खरं सांगतो, ते तेल पोटात गेलं आणि माझं बिनसलं. फार निसरडं होतं ते. नवी रिंग सिलिंडरच्या भिंतीला घासून घासून बसावी लागते. थोडी कुरकुर, थोडी झीज झाली, की मग ती घट्ट बसते आणि तेलाला वर येऊ देत नाही. या तेलाने माझ्या रिंगांना कशाला घासूच दिलं नाही. त्यात आमची चाल अशी. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना अगदी हळू जायचं, हा आमच्याकडचा शिष्टाचार. जरा वेग वाढला की आतला कप टेबलावरून पडतो आणि खिडकीतून डोकं बाहेर येतं, "हळू! लग्नाला निघालात का?" गिऱ्हाइकं तर सगळी बांधलेल्या बोटींतलीच. म्हणजे सकाळपासून मंद चाल, आणि थांबल्यावर बॅटरी भरायला पुन्हा जागच्या जागी मंद डुगडुग. भारी तेल आणि हलकं काम. माझ्या सिलिंडरच्या भिंती काचेसारख्या गुळगुळीत झाल्या. तेल रिंगांच्या कडेने वर येऊन जळू लागलं आणि धुराड्यातून निळा धूर निघू लागला.

आधी जरासा, मग पुष्कळ. शरद लागला तेव्हा आम्ही कुठे आहोत हे पुढच्या वळणावरच्या माणसालाही आधीच कळत असे. लोक दोरीवरचे कपडे काढून आत नेत. एक बाई थेल्माला म्हणाली, "काय गं बाय, कोळसा विकतेस की बोटीतच जाळतेस?" थेल्माने तिला जे उत्तर दिलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

लॅम्बर्ट रोज सळई काढून तेल बघायचा आणि रोज ते कमी झालेलं असायचं. तो त्याच चंदेरी डब्यातून आणखी ओतायचा आणि माझ्या अंगावर हात ठेवून म्हणायचा, "काय होतंय रे तुला? सगळ्यात चांगलं देतोय ना मी?" मला इतकं वाईट वाटायचं! औषध म्हणून तो मला रोगच पाजत होता, आणि प्रेमाने पाजत होता.

डडली आला, हुंगलं, मान हलवली. "नव्या रिंगा घालूनही हा धूर? अंगच झिजलंय याचं. वय झालं. मी तुम्हाला नवं जपानी इंजिन बसवून देतो, बटण दाबलं की चालू. आणि याला संग्रहालयवाले आनंदाने नेतील. काचेच्या पेटीत ठेवतील, विजेवर फिरवतील, शाळेची पोरं येऊन बघतील."

विजेवर फिरवतील! पोटात डिझेल नाही, मागे ओझं नाही, नुसतं फिरायचं. त्यापेक्षा ती कोंबडी बरी. मी त्या दिवशी ठरवलं की मी या बोटीतून जाणार नाही. पण इंजिनाने ठरवून काय होतं? ठरवायचं होतं थेल्माने, आणि ती म्हणाली, "नाताळनंतर बघू." थेल्मा 'बघू' म्हणते तेव्हा तिने निम्मं ठरवलेलं असतं.

त्याच फेरीत आम्ही सोअर नदीवर आयव्हर पिमच्या बोटीशी थांबलो. आयव्हर नदीतला गाळ उपसून भरलेला तराफा ओढतो. त्याच्या बोटीतलं इंजिन माझ्याच कारखान्यातलं, माझ्याच वयाचं, पण त्याला पुसणारं कुणी नाही. अंगावर काजळी, बाजूला आयव्हरचे ओले मोजे वाळत घातलेले. थेल्मा त्याच्यासाठी आमच्या पिंपातून साधं तेल काढत होती, तेच साधं खनिज तेल, जे आम्ही सगळ्या जुन्या इंजिनवाल्यांना विकतो.

"हेच ना रे?" तिने विचारलं.

"हेच. भारी काही देऊ नकोस हं, माझा म्हातारा अपचनाने मरेल," आयव्हर म्हणाला आणि त्याने इंजिन चालू केलं.

थेल्माच्या हातातलं नरसाळं तसंच राहिलं. ती आयव्हरच्या धुराड्याकडे बघत होती. तिथून धूर असा निघतच नव्हता. मग तिने मागे वळून आमच्या धुराड्याकडे पाहिलं, जिथून निघणाऱ्या धुरात 'आयडा' आणि फ्लोरा दोघी गडप झाल्या होत्या. तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, आणि ती मला नव्हती, डडलीला नव्हती, स्वतःला होती. आख्ख्या नदीला योग्य तेल विकणारी बाई आपल्याच इंजिनाला चुकीचं पाजत होती!

शार्डलोला परतल्यावर तिने लॅम्बर्टला सांगितलं, "ते तेल काढायचं."

"काढायचं? अगं, त्याच्याहून भारी तेल—"

"म्हणूनच काढायचं. तू त्याला रोज केक चारतोयस, लॅम्बर्ट. त्याच्या रिंगा बसल्याच नाहीत. त्याला आपलं पिंपातलं साधं तेल हवंय आणि मागे भरपूर ओझं हवंय."

"पिंपातलं? ते तर आपण कुणालाही देतो."

"आणि कुणाचंही इंजिन धूर सोडत नाही. फक्त आपलं सोडतं."

लॅम्बर्टने गुडघ्यांवरची घोंगडी बाजूला सारली. मग म्हणाला, "मला लॉकचं दार ढकलता येत नाही. पोतं उचलता येत नाही. तू किटलीसुद्धा उचलू देत नाहीस. एवढं एक माझ्या हातात होतं, थेल्मा. आणि तेही मी बिघडवलं."

थेल्मा त्याच्याजवळ बसली आणि दोघं माझ्याकडे बघत राहिली. शेवटी लॅम्बर्टनेच पाना मागितला, माझ्या तळाचा बोल्ट स्वतः सोडला आणि आपण निवडलेलं तेल वाहून जाताना शेवटपर्यंत बघितलं. मग पिंपातलं ओतलं. त्या साध्या तेलाची चव मला लागली आणि ईनॉकचे दिवस आठवले. पण नुसत्या तेलाने काम होणार नव्हतं. गुळगुळीत झालेल्या भिंतींवर रिंगांना घासायला जोर लागणार होता, आणि कालव्याच्या मंद चालीत तो कुठून मिळणार?

नाताळच्या आधी पाऊस झाला आणि मागोमाग कडाक्याची थंडी पडली. आयव्हरचा फोन आला. "बाय, इथे वरच्या अंगाला सगळ्यांचा कोळसा संपलाय. मी कपाटाच्या फळ्या जाळतोय. शेजारची म्हातारी तिची खुर्ची जाळायचं म्हणतेय, तिला कसंबसं थांबवलंय."

नदीची पातळी दाखवणारी खूण पिवळ्या पट्ट्यावर होती. म्हणजे जा, पण स्वतःच्या जबाबदारीवर. डडली धक्क्यावर उभा राहून म्हणाला, "या इंजिनावर? भरलेली जोडबोट ओढत, उलट्या प्रवाहात? मधेच बंद पडलं तर दोन्ही बोटी बंधाऱ्यावर जाऊन आपटतील."

"त्याने ही फेरी केली तर तो राहील," थेल्मा म्हणाली. "नाही केली तर तू त्याला घेऊन जा."

म्हणजे ठरलं. मी मनात म्हटलं, हरकत नाही. मला हेच हवं होतं.

पण फ्लोरा तापाने अंथरुणात पडली होती. 'आयडा'चं सुकाणू धरायला माणूस नाही. थेल्मा डडलीकडे बघायला लागली तर तो आपली हत्यारं गोळा करायला लागला.

"मी धरतो," लॅम्बर्ट म्हणाला.

"तुझा खुबा?"

"खुबा नवाकोरा आहे. या रिंगांसारखाच. न वापरता पडलाय."

थेल्माने त्याची लोकरी टोपी त्याच्या कानांपर्यंत खाली ओढली आणि म्हणाली, "पाण्यात पडलास ना, तर मी तुला काढायला येणार नाही, सांगून ठेवते."

"येशील," तो म्हणाला आणि काठी टेकत 'आयडा'वर चढला.

नदीला लागलो आणि मला कळलं की आज खेळ नाही. पाणी तपकिरी, फुगलेलं, फांद्या वाहून आणत होतं. मागे कोळशाने काठोकाठ भरलेली 'आयडा', 'हेरॉन'ही भरलेली, आणि प्रवाह समोरून. थेल्माने माझं चाक फिरवून डिझेल वाढवलं. कित्येक महिन्यांत माझ्या पिस्टनवर असा भार आला नव्हता. रिंगा भिंतींवर दाबल्या गेल्या आणि वर साचलेलं सगळं जुनं तेल एकदम पेटलं. निळा धूर असा उसळला की काठावरच्या गाई पळाल्या.

तो सगळा धूर मागे लॅम्बर्टच्या अंगावर जात होता. तो खोकताना ऐकू येत होता, दिसत मात्र नव्हता. पूल जवळ आला. तिथे नदी अरुंद होते आणि पाणी कमानीतून धावत सुटतं. थेल्माचा हात माझ्या चाकावर गेला, कमी करायला. मला तिचा दोष वाटत नाही. मागे नवरा धुरात, इंजिन थरथरतंय, कुणीही कमी केलं असतं. पण कमी केलं असतं तर प्रवाहाने आम्हाला मागे फेकलं असतं आणि 'आयडा' आडवी झाली असती.

तेवढ्यात धुरातून लॅम्बर्टची आरोळी आली. "कमी करू नकोस! वाढव! थेल्मा, वाढव, त्याच्यात अजून आहे!"

जो माणूस मला रोज पुसायचा, माझ्या अंगावर हात ठेवून हळहळायचा, तोच हा. थेल्माने दात आवळले आणि चाक शेवटपर्यंत फिरवलं.

मी खेचलं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, मला सांगितलं म्हणून मी खेचलं. नुसता कढत झालो होतो. पुलाखाली तर आम्ही जागच्या जागी उभे आहोत असं वाटत होतं, कमानीचा एकेक दगड हळूहळू मागे सरत होता. 'आयडा'चं नाक कमानीकडे वळायला लागलं, आणि लॅम्बर्टने आपलं सगळं वजन सुकाणूवर टाकून ते परत सरळ केलं. नव्या खुब्यावर उभा राहून. रिंगा घासत होत्या, कुरकुरत होत्या, आणि मग कधीतरी, कुठल्या क्षणी ते मलाही सांगता येणार नाही, त्या बसल्या. आतून एकदम जोर आला. वाया जाणारा सगळा दम पिस्टनवर पडू लागला. कमान मागे गेली, पूल मागे गेला, समोर रुंद पाणी आलं.

धूर विरळ व्हायला लागला. आधी 'आयडा'चं नाक दिसलं, मग ताडपत्री, मग सगळ्यात मागे सुकाणूला चिकटलेला लॅम्बर्ट. तोंड काजळीने काळं, टोपी कुठेतरी उडालेली.

"थेल्मा!" तो ओरडला. "थेल्मा, तू दिसायला लागलीस!"

थेल्माने मागे वळून पाहिलं. ती रडत होती, आणि ओरडून म्हणत होती, "पुढे बघ, मूर्खा! पुढे बघ!"

वरच्या अंगाला सगळ्यांना कोळसा मिळाला. म्हातारीची खुर्ची वाचली. आयव्हरने आमच्या धुराड्यासमोर स्वतःचा पांढरा रुमाल धरून सगळ्यांना दाखवला. तो पांढरा कधीच नव्हता म्हणा, पण आणखी काळा झाला नाही. डडलीचा फोन आला तेव्हा थेल्मा म्हणाली, "इंजिन नको आता. आणि फ्लोराला सांग, सावकाश बरी हो. सुकाणूवर माणूस मिळालाय."

आता मी अजून 'हेरॉन'मध्येच आहे. तेल साधंच, पिंपातलं. काळं झालं की लॅम्बर्ट बदलतो. मंद चालीचे दिवस झाले की आम्ही मुद्दाम नदीवर जातो आणि मी पोट भरून ओढतो. म्हातारा आहेच मी, कधीतरी थांबेन. तेव्हा मला खुशाल वितळवा, त्याचे नांगर करा, लॉकच्या दारांचे खिळे करा. पण काचेत ठेवू नका. आणि तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याच्यासाठी निवड करताना दुकानातला सगळ्यात भारी डबा उचलण्याआधी त्याला एकदा विचारा, तुला काय झेपतं? बहुतेक तो सांगेल, बरंच काही.

आज सकाळी दवामुळे सगळं ओलं होतं. थेल्मा आतून ओरडली, "लॅम्बर्ट, हँडल मारू नकोस, मी येते!" लॅम्बर्टने तिकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही हातांनी हँडल धरलं, पाय रोवले, आणि फिरवलं. मी पहिल्याच फटक्यात चालू झालो.

आतून थेल्मा म्हणाली, "ठीक आहे," आणि चहासाठी दोन कप काढले.